जत्रेतले खेळ आणि मुलं: आधी बघणं, मग नियम, मग पैसे

गेल्या नवरात्रात शेजारच्या घरातला सात वर्षांचा मुलगा यात्रेतून परतला तो एक साबणाची वडी घेऊन. रिंगच्या स्टॉलवर ३६० रुपये गेले होते. आई-वडील चिडलेले, पोरगं रडवेलं, आणि येताना रिक्षात कुणी कुणाशी बोललेलं नाही. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला घड्याळ दिसलं, त्याने ते मागितलं, मोठ्यांनी लगेच पैसे काढले, आणि रिंग नेमकी कुठवर बसली पाहिजे हे अठराव्या खेळानंतर विचारलं.

हे मी दरवर्षी बघते. नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळ कालिकेच्या यात्रेत बघते, ओझरच्या खंडेराव यात्रेत बघते, उन्हाळ्यात डोंगरे वसतिगृह मैदानावर आनंदमेळा लागला की तिथे बघते, आणि मॉलमधल्या गेम झोनमध्ये तर रोजच. सगळीकडे क्रम उलटा असतो. म्हणून हा लेख. पाळण्यांबद्दल इथे काही नाही, तो वेगळा विषय आहे. इथे फक्त नेमबाजीचे, फेकाफेकीचे आणि बक्षिसाचे खेळ.

पायरी १: आदल्या दिवशी घरी पाकीट करा

प्रत्येक मुलाचं एक साधं कागदी पाकीट करा आणि त्यावर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या. त्यात फक्त खेळांचे पैसे. पाळण्यांचे आणि भेळभत्त्याचे पैसे तुमच्या पर्समध्ये वेगळे. हे तीन हिशेब एकत्र झाले की मूल शेवटी उपाशी तरी राहतं, नाहीतर पाळण्याला पैसे उरत नाहीत.

रक्कम किती ते तुम्ही ठरवा. मी आठ वर्षांच्या मुलीला १२० रुपये देते, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटांत. लहान मुलांना रुपयांपेक्षा खेळांची संख्या चांगली कळते. वीसवाला खेळ असेल तर सहा खेळ, तिसाचा असेल तर चार. हे बोटांवर मोजून दाखवा.

पाकीट हातात देताना दोन वाक्यं बोलायची, आणि दोन्ही पाळायची:

“पाकिटातले संपले की खेळ संपले.”
“उरले तर ते तुझे.”

पहिलं वाक्य सगळेच बोलतात. खरं काम दुसरं करतं. उरलेले पैसे आपले, हे कळलं की मूल स्टॉलसमोर थांबून विचार करायला लागतं. माझ्या भाच्याने एका वर्षी ७० रुपये वाचवले आणि परत येताना क्रिकेटचा बॉल घेतला. कुठल्याही स्टॉलवर त्याला ते जिंकता आलं नसतं.

पैसे रोखच न्या. संध्याकाळच्या गर्दीत नेटवर्क अडकतं हे एक कारण झालं, पण मोठं कारण वेगळं आहे: मोबाइल स्कॅन करून दिलेले पैसे मुलाला दिसत नाहीत. पाकीट पातळ होताना दिसतं.

सावध: “काहीतरी जिंकून आण हं” असं निघताना म्हणू नका. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. त्या एका वाक्याने मूल हरल्यावर लाजतं आणि लपवाछपवी सुरू होते.

पायरी २: घरीच दहा रिंगा टाकून बघा

भरतकामाची रिंग किंवा मोठं कडं घ्या. जमिनीवर चौकोनी डबा ठेवा, चार-पाच पावलं मागे उभं राहा आणि मुलाला दहा वेळा टाकू द्या. किती बसल्या ते कागदावर लिहा. मग तुम्ही टाका, तेही लिहा. बहुतेक वेळा एक नाहीतर शून्य येतं. दहा मिनिटांत मुलाला कळतं की हे अवघड आहे, आणि ते त्याला स्वतःच्या हाताने कळतं. तुमच्या दहा उपदेशांनी ते कळणार नाही.

पायरी ३: निघण्यापूर्वीची तयारी

वेळ दिवसाची निवडा. चार ते सहाच्या दरम्यान स्टॉल उघडलेले असतात आणि मुलाला समोरचं नीट दिसतं. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सातनंतर लहान मुलांना घेऊन खेळायला जाऊ नका, दर्शनाची रांग आणि स्टॉलची गर्दी एकमेकांत मिसळते.

निघताना दारातच मुलाचा पूर्ण फोटो काढा, अंगावरचे कपडे आणि चपला दिसतील असा. खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाल्यावर भेटायची जागा ठरवताना ‘मोठ्या पाळण्यापाशी’ असं कधीच ठरवू नका, मोठे पाळणे दोन-तीन असतात. पोलिसांचा मदत मंडप किंवा मंदिराचं प्रवेशद्वार ठरवा, आणि पोचल्या पोचल्या मुलाला ते नेऊन दाखवा. मूल सापडत नसेल तर शोधत फिरण्यात वेळ न घालवता आधी मंडपात पुकारा करायला सांगा आणि ११२ ला फोन करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

पायरी ४: पहिली फेरी, पाकीट बंद

ही पायरी लोक गाळतात, आणि पुढचं सगळं त्यामुळेच बिघडतं.

सगळे स्टॉल एकदा फिरून बघायचे. खेळायचं नाही. मुलाला हे आधीच सांगा: “आत्ता आपण फक्त बघायचं, मग तू निवडायचं.” वीस मिनिटं लागतात. जो खेळ आवडला त्याच्यासमोर जरा बाजूला उभे राहा आणि दहा गिऱ्हाइकं मोजा. किती जणांनी खेळलं, किती जणांना काय मिळालं. मोजायचं काम मुलाला द्या, त्यात त्याला खेळाइतकीच मजा येते.

मग हिशेब करा. समजा वीस रुपयांना पाच रिंगा आहेत आणि तुम्हाला दिसलं की साधारण वीस रिंगांत एक बसते. म्हणजे एक वस्तू मिळायला सरासरी चार खेळ, ८० रुपये. आता बघा, बसते ती रिंग कशावर बसते? बिस्किटाच्या पुड्यावर. घड्याळावर नाही. ८० रुपयांचा दहा रुपयांचा पुडा. मुलगी चौथीत असेल तर हा हिशेब ती तुमच्याआधी करेल.

त्यानंतरही तिला खेळायचं असेल तर खुशाल खेळू द्या. रिंग टाकण्यात मजा आहे आणि मजेला पैसे पडतात. ती मजेसाठी खेळतेय, घड्याळासाठी नाही, एवढं तिला माहीत असलं की झालं.

तपासा: फेरी संपल्यावर मुलाला तीन खेळ निवडायला सांगा. त्याने “सगळेच” म्हटलं तर पाकीट उघडून मोजायला लावा.

पायरी ५: पैसे देण्याआधी चार प्रश्न

स्टॉलवाल्याला नीट, नम्रपणे विचारा. तो आठ-आठ दिवस पालात राहून पोट भरणारा माणूस आहे. त्याच्याशी बोलण्यात संशयाचा सूर नको.

“दादा, किती रुपयांना किती रिंगा?”
“रिंग कुठवर बसली म्हणजे जिंकलं?”
“जिंकलं तर नेमकं काय मिळतं? हेच, की दुसरं काही?”
“एकदा हाताने बसवून दाखवता का?”

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मी एकदा विचारलं, “घड्याळावर कुठवर बसली पाहिजे?” तर उत्तर आलं, “ठोकळ्यासकट, ताई. ठोकळा पूर्ण आत, रिंग फळीला टेकली पाहिजे.” तोवर आम्ही घड्याळाकडेच बघत होतो. त्याच्याखालचा लाकडी ठोकळा नजरेतच आला नव्हता.

पायरी ६: खेळ ओळखून निवडा

रिंग

तो ठोकळा जवळून बघा. बहुधा चौकोनी असतो. समजा त्याची बाजू १० सेंटिमीटर आहे. समोरून बघताना आपल्याला हे दहाच दिसतात आणि १४.५ सेंटिमीटर आतल्या मापाची रिंग त्यापुढे ऐसपैस वाटते. पण रिंगला जायचं असतं कोपऱ्यांवरून, आणि चौकोनाचा कर्ण बाजूच्या १.४१ पट असतो. म्हणजे १४.१ सेंटिमीटर. शिल्लक जागा चार मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. त्यातही रिंग तिरकी आली की वरून बघताना ती गोल राहत नाही, अंड्यासारखी निमुळती होते, आणि तेवढीही जागा उरत नाही. ती अगदी सपाट, वरून, बरोबर मध्यावर पडली तरच बसते. चार-पाच पावलांवरून, उभ्या असलेल्या मुलाच्या हातून हे जवळजवळ होत नाही.

यात लबाडी असतेच असं नाही. हाताने बसवून दाखवली की रिंग बसते. खेळच तसा बांधलेला असतो.

म्हणून मुलाला सांगा: महागड्या वस्तूकडे बघू नकोस, ज्याच्याखाली ठोकळा लहान किंवा गोल आहे ते बघ. रिंग आडवी धरायची, मनगटाला झटका न देता हळू सोडायची. जोरात टाकलेली रिंग उसळते. रिंगा एकदम दोन-तीन टाकायच्या नाहीत.

ग्लास पाडणे

ग्लास किंवा डबे एकावर एक रचलेले असतात आणि बॉल मारून पाडायचे असतात. इथे नियम विचारल्याशिवाय एकही बॉल घेऊ नका, कारण ‘पाडणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात: मनोरा कोसळला तरी चालतं, की सगळे ग्लास फळीवरून खाली गेले पाहिजेत? बहुतेक ठिकाणी दुसरं. एखादा आडवा पडून फळीवरच राहिला की खेळ हरला.

कापडी बॉल हलका असतो, धडकताना दबतो आणि त्याचा जोर तिथेच जिरतो. खालच्या रांगेतला एखादा डबा जड असेल तर तो जागचा हलत नाही. नेम वरच्या ग्लासावर धरायचा नाही. खालच्या रांगेत दोन ग्लास जिथे एकमेकांना टेकतात तिथे मारायचं.

बंदूक आणि फुगे

इथे मी कडक आहे. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात छऱ्याची बंदूक देऊ नका, त्याने कितीही हट्ट केला तरी. तुम्ही खेळा, त्याला मागे उभं करा.

छर्रा फळीवर, खिळ्यावर आदळला की उलट येतो आणि डोळ्याला लागू शकतो. खेळण्याआधी फुग्यांच्या मागे काय आहे ते बघा. मागे सैल सोडलेलं जाड कापड किंवा पोतं असेल तर छर्रा तिथे अडकतो. नुसता पत्रा किंवा कडक लाकूड दिसलं तर त्या स्टॉलवर खेळू नका. नेमबाजाच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, सगळे मागे, तीन पावलांवर. बंदूक स्टॉलवाल्यानेच भरायची. रिकामी असली तरी नळी माणसाकडे वळवायची नाही, थट्टेतसुद्धा नाही. बाण मारून फुगे फोडायचे असतील तिथेही हेच अंतर पाळा.

नेमाचं म्हणाल तर जत्रेतल्या बंदुकीची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) सरळ असेल असं धरून चालू नका. पहिला छर्रा कुठे लागतो ते बघा आणि दुसरा तेवढा सरकवून मारा. फुगे पूर्ण भरलेले असतील तिथेच खेळा. सैल, सुरकुतलेला फुगा बाणाने फुटत नाही, दबतो.

सावध: डोळ्याला काही लागलंच तर चोळू देऊ नका, दाबू नका, पाणी मारू नका, घरातले ड्रॉप घालू नका. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता त्यावर ढालीसारखा धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

बास्केटबॉल

खऱ्या मैदानावर रिंग जमिनीपासून १० फूट उंच आणि १८ इंच रुंद असते. स्टॉलवरची रिंग समोरून तशीच वाटते, पण ती लहान किंवा लांबट असू शकते, आणि बॉल जास्त हवा भरून टणक केलेला असू शकतो. बाजूला जाऊन, रिंगच्या खालून वर बघा, आकार लगेच कळतो. शाळेत बास्केटबॉल खेळणारा मुलगा इथे हरला की फार खट्टू होतो. त्याला रिंग खालून दाखवा, म्हणजे स्वतःच्या खेळावरचा त्याचा विश्वास जाणार नाही.

मासे पकडणे

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना याच खेळाला न्या. चुंबकाच्या गळाने प्लॅस्टिकचे मासे उचलायचे, बहुतेक ठिकाणी काही ना काही छोटं मिळतंच. दोन खेळांत मूल खूश.

खेळणी उचलणारं मशीन

काचेच्या पेटीतला पंजा खाली येतो, टेडी धरतो, आणि वर येताना सोडतो. मूल म्हणतं, “माझा हात हलला.” त्याचा हात हललेला नसतो. अशा अनेक मशिनांत पंजाची पकड किती घट्ट ठेवायची आणि किती खेळांमागे एकदा पूर्ण घट्ट करायची, हे मालकाला ठरवता येतं. म्हणून या मशीनला मुलाच्या कौशल्याचा खेळ समजू नका. खेळायचंच असेल तर टेडी घट्ट कोंबलेले नाहीत असं मशीन बघा, बाहेर पडायच्या तोंडाजवळचं सुटं खेळणं धरा, आणि दोन खेळांवर थांबा.

पायरी ७: मूल खेळत असताना तुमचे हात खिशात

पैसे मुलालाच द्यायला सांगा. रिंग त्यालाच टाकू द्या. “असं नाही, इकडून” ओरडू नका. आणि बाबा, मामा, काका यांना एक विनंती: “थांब, मी जिंकून देतो” म्हणून पुढे होऊ नका. मुलाचा खेळ तिथे संपतो आणि तुमचा सुरू होतो. त्या शेजारच्या ३६० रुपयांतले निम्मे वडिलांनी टाकलेल्या रिंगांचे होते.

तपासा: प्रत्येक खेळानंतर स्टॉलपासून दहा पावलं दूर या आणि पाकिटात किती उरले ते मुलाला मोजू द्या. स्टॉलला टेकून ठरवलेला पुढचा खेळ नेहमी ‘हो’ असतो.

पायरी ८: “अजून एकदाच”

हे येणारच. “आत्ता बसणारच होती, थोडक्यात गेली!” पण रिंग थोडक्यात गेली म्हणून पुढची बसायची शक्यता वाढत नाही. हे मुलाला रडण्याच्या वेळी सांगून उपयोग नाही, पायरी ४ च्या मोजणीच्या वेळी सांगा.

रडण्याच्या वेळी फक्त जवळ घ्या. “तुला ते घड्याळ हवं होतं ना? नाही मिळालं. वाईट वाटतं.” एवढंच. “मी सांगितलं होतं” नको, “तो माणूस फसवतो” नको, आणि शेजारच्या दुकानातून तसंच खेळणं लगेच विकत घेणंही नको. मी एकदा घेतलं होतं. पुढच्या वर्षी मुलगी हरायच्या आधीच विचारत होती, “मग दुकानातून घेऊ ना?”

पाणी प्या, गोडीशेव घ्या, बाजूला बसा. दहा मिनिटांनी बहुतेक मुलं पाळण्याकडे बघायला लागतात.

पायरी ९: गेम झोन आणि मोठी पार्क

इथे पाकिटाची जागा कार्ड घेतं, आणि गोंधळ वाढतो. कार्ड भरण्याआधी काउंटरवर विचारा: कमीत कमी किती भरावे लागतात, उरलेले परत मिळतात का, किती दिवस चालतात, कार्डाचे वेगळे पैसे आहेत का.

मग पॉइंटचे रुपये करा. ५०० रुपयांत ६०० पॉइंट मिळाले आणि एक खेळ ७५ पॉइंटचा असेल तर तो ६२ रुपये ५० पैशांचा खेळ झाला. ‘७५’ ऐकून हे लक्षात येत नाही. ‘आणखी ५०० भरा, १५० बोनस’ अशी योजना असेल तेव्हा आधी बघा की मूल आज तेवढे खेळ खेळणार आहे का.

तिकिटं गोळा करायचे खेळ असतील तर खेळण्याआधी बक्षिसांच्या काउंटरवर जा आणि कशाला किती तिकिटं ते बघून या. इमॅजिकासारख्या ठिकाणी, जिथे नाशिकहून पहाटे निघून जावं लागतं, प्रवेशाच्या तिकिटात कोणते खेळ धरलेत आणि कोणत्या स्टॉलना वेगळे पैसे पडतात हे प्रवेशद्वारावरच विचारा. दुपारच्या उन्हात आत गेल्यावर मुलासमोर ‘नाही’ म्हणणं फार जड जातं. आणि स्टॉलचे खेळ दिवसाच्या शेवटी ठेवा, नाहीतर जिंकलेलं मोठं अस्वल दिवसभर तुम्हालाच काखेत घेऊन फिरावं लागतं.

पायरी १०: वाद झाला तर

सांगितलेला नियम आणि दिलेलं बक्षीस जुळलं नाही तर एकदा शांतपणे विचारा: “दादा, तुम्ही मघाशी असं म्हणाला होतात.” बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर यात्रेत आयोजकांच्या किंवा पोलिसांच्या मंडपात सांगा, मुलासमोर हमरीतुमरी करू नका. गेम झोन किंवा पार्क असेल तर बिल जपून ठेवा, मॅनेजरला लेखी द्या, आणि दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पायरी ११: घरी आल्यावर बक्षीस तपासा

जिंकलेलं खेळणं मुलाच्या अंथरुणात जाण्याआधी हातात घ्या. टेडीचे डोळे आणि नाक ओढून बघा, सुटत असतील तर तीन वर्षांखालच्या भावंडापासून दूर ठेवा. शिवण उसवलेली असेल तर शिवून घ्या. लाल किरणाचा लेझर मिळाला असेल तर तो मुलाला देऊच नका, डोळ्याला इजा होते.

दिवा लागणाऱ्या, वाजणाऱ्या खेळण्यात बटणासारखे चपटे सेल असतात. त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते बघा. नुसतं नखाने उघडत असेल तर सेल लगेच काढा आणि मुलाच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. असा सेल गिळला गेल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट बघू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजू शकतो.